गॅस बंद, शिट्ट्या तीन

आमच्या स्वयंपाकघरात एका रविवारी सकाळी, गॅस बंद असताना, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. ही अफवा नाही. मी तिथे हजर होते आणि झाल्या प्रकाराला मी एकटीच जबाबदार होते, हे मी कोणत्याही दबावाखाली न येता लिहून देते. (दबावाखाली कुकर होता.)

तो काळच तसा होता. देशाची दारं सताड उघडली होती आणि त्या दारांतून जे जे आत शिरत होतं, त्याच्यासमोर मी पत्रक घेऊन उभी राहत होते. मी एम.ए. करत होते, पण ते सावकाश. खरं काम म्हणजे परदेशी कोलाच्या विरोधातलं आमचं अभियान. कोथरूडपासून सदाशिव पेठेपर्यंत माझ्या हातून पत्रक न घेतलेला माणूस तुम्हाला सापडला नसता. वाचलेला सापडला असता का, हा वेगळा प्रश्न.

आमच्या घरात कोलाला बंदी होती. ती मीच घातली होती. माझा दादा एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. सन दोन हजार उजाडताच जगातले सगळे संगणक बावचळणार आहेत, आणि ते बावचळू नयेत याची जबाबदारी आपल्यावर आहे, अशा चेहऱ्याने तो वावरायचा. तो कोला जिन्यात उभा राहून प्यायचा, तोंड पुसायचा आणि मग बेल वाजवायचा. आई बँकेत होती, तिला बंदीचं काही नव्हतं, ती चहावाली. बाबा बदलीमुळे नाशिकला होते, आणि या एका प्रकरणात ते आजही स्वतःला भाग्यवान समजतात.

तर पत्रक. ‘विषारी बुडबुडे फोडा!’ हे त्याचं नाव. मजकूर माझा. भाषा इतकी जळजळीत की कागदाने पेट कसा घेतला नाही याचं मलाच आश्चर्य वाटायचं. सदाशिव पेठेतल्या छापखान्यात मी मुद्रितं तपासायला गेले, तेव्हा छापखान्याच्या मालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“मागची बाजू कोरी राहत्येय.”

“राहू दे की.”

“राहू दे. लोक वाण्याची यादी करतील तिच्यावर. तेवढा तरी उपयोग.”

माझ्या मजकुराच्या पाठीवर साबुदाणा आणि रवा? मी तिथेच, काउंटरला टेकून, दहा मिनिटांत मागची बाजू लिहून काढली. ‘कोला हवाच कशाला? घरच्या घरी करा फसफसते लिंबूवर्गीय पेय! लिंबू, मोसंबी, संत्रे यांचा रस घ्या. साखर, मीठ, पाणी घाला. वर चिमूटभर खायचा सोडा. बस्स! ना परदेशी भांडवल, ना जाहिरात, ना लूट! हजारो घरांनी अनुभव घेतला आहे.’

(एकाही घराने घेतलेला नव्हता. आमच्याही नाही. पण पत्रकात ‘करून बघा, काय होतंय ते कळवा’ असं लिहीत नाहीत.)

पत्रकं वाटली गेली, अभियान पुढे चाललं, आणि मी ती पाककृती विसरूनही गेले. मग श्रावणात आमच्या कोथरूडच्या सोसायटीलाच त्या कंपनीचा प्रस्ताव आला. गणपतीच्या मांडवाचा सगळा खर्च कंपनी करणार. बदल्यात फाटकावर कंपनीच्या नावाची लाल कमान आणि मांडवाच्या तोंडाशी कोलाचा स्टॉल. माझ्या फाटकावर! उद्या अभियानाचे प्रमुख, आमचे सर, मला भेटायला आले, तर कमानीखालून वाकून येणार? मी सोसायटीच्या सभेत उभी राहिले.

आमचे चेअरमन आपटे काका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर, कायम खळ घातलेला पांढराशुभ्र झब्बा, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण अर्जात काहीतरी चुकलोय.

“तू सभासद आहेस का?” काकांनी विचारलं.

“मी नागरिक आहे!”

“नागरिकांसाठी महापालिका आहे. ही सोसायटी आहे. बस खाली.”

मी अर्थातच बसले नाही. मी सगळ्यांना पत्रक वाटलं. खजिनदार निमकर काकूंनी ते उलटं केलं आणि मागची बाजू वाचली. आयुष्यात प्रथमच कुणीतरी माझं पत्रक माझ्यासमोर वाचत होतं, त्यामुळे मला थोडं भरून आलं.

“हे फसफसतं पेय तू करतेस?” काकूंनी विचारलं.

“आमच्या घरी नेहमी करतात!”

शेजारी बसलेल्या आईने वर पंख्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

सेक्रेटरी वानखेडे हे अमरावतीचे, दादाच्याच क्षेत्रातले, प्रस्ताव आणणारे तेच. माणूस दिलदार. ते म्हणाले, “मंग पाजा न आम्हाले. चव आवडली तर कमान रद्द, स्टॉल तुमचा. नाही आवडली तर कमान पक्की. आम्ही वऱ्हाडातले लोकं आहो, संत्र्या-मोसंब्याच्या बाबतीत आम्हाले कोणी फसवू नाही शकत, हे सांगून ठेवतो.”

“मान्य! रविवारी अकरा वाजता, आमच्या घरी!”

“अकरा म्हणजे अकरा,” आपटे काका म्हणाले.

घरी आल्यावर आई इतकंच म्हणाली, “शुभे, आपल्याकडे नेहमी करतात ना हे? मग रविवारी मलाही दाखव. मी या घरात पंचवीस वर्षं आहे, माझं बघायचं राहून गेलं असेल.”

दादा म्हणाला, “टेस्ट केलंयस?”

“काय?”

“पेय. आमच्याकडे टेस्टिंग न करता काही बाहेर गेलं ना, तर माणूसही त्याच्या मागोमाग बाहेर जातो.”

“आमच्याकडे लोकांवर विश्वास असतो,” मी म्हणाले आणि पिशवी घेऊन मंडईत गेले.

मंडईत चाळीस लिंबं घेतली, दोन डझन मोसंबी घेतली, आणि फळवाल्या मावशींना संत्री मागितली.

“संत्री? श्रावणात?” मावशींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “कुनी सांगितलं तुला?”

“पत्रकात लिहिलंय.”

“लिव्हणाऱ्यानं मंडई बगितलीय का कदी?”

मी संत्र्यांऐवजी ईडलिंबू घेतलं आणि निघाले. चळवळीत तडजोड करावी लागते.

रविवारी सकाळी सगळा रस काढून ठेवला आणि साडेदहाला मी आयुष्यातला पहिला प्रयोग केला. एका ग्लासात रस, साखर, मीठ, पाणी, आणि वर चिमूटभर सोडा. आणि काय सांगू! फस्सकन फेस वर आला, ग्लासाच्या काठावरून ओघळला, बुडबुडे नाचायला लागले! मी एक घोट घेतला. गार, आंबट-गोड, नाकात झिणझिण्या! माझी पाककृती खरी होती! मी दहा मिनिटांत, काउंटरला टेकून, एका जागतिक कंपनीला पर्याय लिहिला होता!

“दादा! लवकर ये! पी!”

दादा दाढी अर्धी टाकून आला. प्याला. “हे सरबत आहे.”

“फसफसतंय ते!”

“फसफसत होतं. आता बसलं. दोन मिनिटं झाली ना.” त्याने ग्लास उजेडात धरला. त्यात एक बुडबुडा होता, आणि तोही निवृत्तीला आलेला. “तू इथे ओतणार, ट्रे घेऊन बाहेर जाणार, आधी भाषण करणार. तोपर्यंत हे लिंबाचं पाणी. कोलाची बाटली बंद असते ना, आत प्रेशर असतं, म्हणून टिकतो वायू. तुझ्याकडे प्रेशर कुठंय?” एवढं बोलून तो आंघोळीला गेला.

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. पूर्वी आमच्या कोपऱ्यावर गोटी सोडावाला होता. त्याला सांगून काम झालं असतं. पण त्याने सोड्याचं मशीन विकून तिथे एसटीडी बूथ काढला होता. (तोही उदारीकरणाचाच बळी. किंवा लाभार्थी. तो खूश दिसायचा, म्हणून मी त्याच्यावर पत्रक काढलं नाही.) मी ओट्यापाशी उभी राहून विचार करत होते. प्रेशर, प्रेशर... आणि समोर ओट्यावर, पालथा, आमचा पाच लिटरचा प्रेशर कुकर!

आता मला सांगा, यात चूक काय होती? घट्ट झाकण आहे. रबराची रिंग आहे. आतला दाब सांभाळणं हे ज्याचं आयुष्यभराचं काम, असं भांडं भारतातल्या प्रत्येक घरात आहे, आणि तरी आपण बुडबुड्यांसाठी परदेशाच्या तोंडाकडे बघतोय! मला तर तिथेच पुढच्या पत्रकाचा मथळा सुचला. ‘प्रत्येक ओट्यावर एक सोडा कारखाना!’

कुकर आदल्या दिवशीच्या वरणानंतर विसळलेला होता. (विसळलेला आणि घासलेला यांत फरक असतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. किंवा रोज सांगत होते.) सगळा रस, साखर, मीठ, गार पाणी असं घालून निम्मा कुकर भरला. राहिला सोडा. एका ग्लासाला चिमूट, तर बारा ग्लासांना बारा चिमटी. पण चिमूट कुणाची? आईची चिमूट आणि माझी चिमूट यांत पिढीचं अंतर आहे. मी चमचा घेतला. दोन चमचे. मग फाटकावरची लाल कमान डोळ्यांपुढे आली आणि संतापाने आणखी दोन पडले.

दुसरा प्रश्न होता वेळेचा. सोडा टाकला की लगेच फेस, मग झाकण लावणार कधी? यावरही मी उपाय काढला आणि तो मला आजही हुशारीचा वाटतो. सोड्याची पुडी करायची, पुडी आत टाकायची, झाकण लावायचं. कागद सावकाश भिजेल, पुडी सुटेल, सोडा मिसळेल. पुडीसाठी कागद हवा होता. आमच्या घरात कागदाला काय कमी? मी माझंच पत्रक घेतलं, आडवं फाडलं, सोड्याची पुडी बांधली, अकराला पाच कमी असताना कुकरात सोडली, झाकण लावलं, शिट्टी बसवली आणि हात पुसत बाहेर आले.

अकरा वाजले आणि बेल वाजली. तिघं एका रांगेत उभे होते. आपटे काका नव्या झब्ब्यात. निमकर काकू. मागे वानखेडे. आईने बेसनाचे लाडू ठेवले. मी उभी राहिले.

“पेय देण्याआधी मी दोन शब्द बोलणार आहे.”

“दोनच,” आपटे काका म्हणाले.

“आज या देशाच्या घशात परदेशी भांडवल...”

फिस्स्स्स्! स्वयंपाकघरातून पहिली शिट्टी झाली.

आपटे काकांनी लाडू खाली ठेवला. “वहिनी, अहो जेवण कशाला? आम्ही फक्त चव घ्यायला आलोय.”

“छे, छे! कुकर नाही लावलेला,” आई म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं. मी भाषणाच्या कागदाकडे पाहिलं.

“...परदेशी भांडवल ओतलं जात असताना...”

फिस्स्स्स्स्स्! दुसरी. जास्त लांब.

“मग हा कुणाचा?” निमकर काकूंनी विचारलं.

“शेजारचा,” आई म्हणाली. ती बँकेत कधी एक रुपया चुकलेली बाई नाही. माझ्यासाठी ती खोटं बोलली, हे मी विसरणार नाही, आणि तीही विसरू देत नाही.

“शेजारी मीच राहते,” निमकर काकू म्हणाल्या.

तिसरी शिट्टी तर थांबेचना. वानखेडे काळजीने म्हणाले, “वहिनी, भात असंल तर तीनाच्या वर नका जाऊ देऊ जी. भाताचा गिचका होऊन जाते.”

आई तरातरा आत गेली.  मग ती दारात येऊन उभी राहिली, आणि अतिशय शांतपणे, एखाद्या खातेदाराला शिल्लक सांगावी तशी म्हणाली, “गॅस बंद आहे.”

“म्हणजे आता केलात,” काका म्हणाले.

“नाही. बंदच होता. शेगडीवरही नाही तो. ओट्यावर आहे. आणि शिट्ट्या मारतोय.”

तेवढ्यात बाथरूमचं दार उघडून दादा टॉवेलवर बाहेर आला. “कुकर कुणी लावला?” त्याने पाहुणे पाहिले, मला पाहिलं, त्याच्या डोक्यात काहीतरी जुळलं, आणि तो “अरे देवा, प्रेशर!” एवढंच म्हणून परत आत गेला आणि त्याने कडी लावली. (असा हा आमचा उद्योगक्षेत्रातला प्रतिनिधी!)

“सगळे बाजूला व्हा,” आपटे काका उठले. “मी तीस वर्षं धरणांवर काढलीयत. कुकरला काय घाबरायचं?”

आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दारात गोळा झालो. काकांनी कुकरवर तळवा ठेवला.

“थंड आहे,” ते म्हणाले. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “आत काय आहे?”

“पर्याय,” मी म्हणाले.

काकांनी सांडशी घेतली आणि शिट्टी उचलली. त्या क्षणी एक पिवळं कारंजं सरळ छताला भिडलं आणि छतावरून, पावसाचा अंदाज चुकावा तसं, काकांच्या टकलावर परतलं. काका हलले नाहीत. “विसर्ग जास्त आहे,” ते म्हणाले. त्या माणसाबद्दल मला त्या दिवशी आदर वाटला.

आणि कारंजं एकदम थांबलं.

“संपलं वाटते,” वानखेडे म्हणाले.

संपलं नव्हतं. वाफेच्या भोकात माझ्या पत्रकाचा लगदा जाऊन बसला होता. काकांनी वाकून कुकरला कान लावला. “आत काहीतरी चालू आहे,” ते पुटपुटले, आणि कुकरची रबराची रिंग, जी आई गेले सहा महिने बदलून आणायला मला सांगत होती, एका बाजूने सुटली.

स्फोट झाला नाही. त्या दिवसाबद्दल सोसायटीत जे स्फोटाचं सांगतात ते साफ खोटं आहे. झालं एवढंच की रिंग आणि झाकण यांच्या फटीतून पेयाची एक रुंद, सपाट चादर बाहेर आली आणि काकांच्या झब्ब्याला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लपेटून गेली. मग कुकरने एक सुस्कारा सोडला आणि तो शांत झाला.

इथे दुसरी कुणीही मुलगी रडली असती. मी झाकण काढलं. आत अजून निम्मं पेय होतं आणि खरंच, अगदी शपथेवर सांगते, ते फसफसत होतं! बसलं नव्हतं! दादा हरला होता! मी चार ग्लास भरले, ट्रेमध्ये ठेवले आणि म्हणाले, “पेय तयार आहे.”

“शुभे!” आई म्हणाली.

“आलोय त्या कामासाठी,” काका चेहरा पुसत म्हणाले. “घेऊ. निकाल लागलेला बरा.”

तिघांनी घोट घेतला. मीही घेतला.

त्या चवीचं वर्णन मी आजवर कोणत्याही पत्रकात केलेलं नाही. आधी लिंबू यायचं. मग साबण यायचा, कारण संतापाचे दोन चमचे जास्त पडले होते. आणि मग, सगळ्याच्या तळातून, कालचं वरण यायचं. हिंग, हळद, सगळं. रबराच्या रिंगेत पाच वर्षांचं वरण मुरलेलं असतं, हे मला माहीत नव्हतं!

निमकर काकूंनी बराच विचार केला. त्या स्वयंपाकाच्या बाबतीत अन्याय करणाऱ्या बाई नाहीत. “याला वरून मोहरीची फोडणी दिली,” त्या म्हणाल्या, “तर भाताबरोबर चालेल.”

वानखेड्यांनी जिभेवरून काहीतरी काढलं, बोटावर पसरलं आणि खिडकीच्या उजेडात नेलं. “याच्यावर काहीतरी लिहून आहे. ‘लुटारूं’... ‘लुटारूंना’ दिसून राहिलं.” मग पुन्हा तोंडात बोट घातलं. “आणि हे ‘हाकला’. आमच्याकडं घरोघरी संत्र्याचं सरबत होते, पण त्याच्यात कोणी मजकूर नाही टाकत जी!”

 काका झब्ब्याकडे पाहत होते. झब्ब्यावर फिकट पिवळे डाग पडले होते. मला वाटलं, निदान एवढं तरी आपण नीट करावं. मी झटकन मोरीवरची साबणाची वडी आणली आणि काकांच्या छातीवर जोरात घासायला लागले.

“अगं, हळदीला साबण नको!” आई आणि निमकर काकू एकदम ओरडल्या.

उशीर झाला होता. हळदीला साबण लागला की काय होतं, ते प्रत्येक बाईला ठाऊक असतं, असं मला नंतर कळलं. पिवळे डाग माझ्या डोळ्यांदेखत लाल झाले. जितकं घासावं तितके जास्त लाल! शेवटी आपटे काका असे दिसायला लागले, की त्यांना बघून कुणीही आधी पोलिसांना बोलावलं असतं आणि मग डॉक्टरांना.

“पुरे,” काका म्हणाले. “कमान पक्की.”

ते निघाले. मी त्यांच्या मागे जिना उतरत होते आणि उतरता उतरता वाद घालत होते. (“काका, प्रश्न चवीचा नाही, तत्त्वाचा आहे!” “तत्त्व माझ्या झब्ब्यावर आहे.”) खाली फाटकापाशी कंपनीचा माणूस त्याच्या व्हॅनला टेकून उभा होता. टाय, चकाकणारे बूट, हातात कमानीचा रंगीत नकाशा. वानखेड्यांनी त्याला साडेअकराला सहीसाठी बोलावून ठेवलं होतं. माझं मन इतकं खचलं, की मी घोषणासुद्धा देऊ शकले नाही.

त्याने काकांना पाहिलं आणि तो व्हॅनला चिकटला. “सर! रक्त?”

“पेय,” काका म्हणाले. “आण तो कागद. सही करतो.”

माणूस सावरला. त्याचं ट्रेनिंगच तसं असावं. “सर, दमलेले दिसताय. सहीआधी आमचं एक घ्या ना, फ्री सॅम्पल!” असं म्हणत त्याने कागद काकांच्या हातात दिला आणि व्हॅनचं दार उघडलं. व्हॅन सकाळपासून उन्हात होती, आणि कोथरूडचे तेव्हाचे रस्ते आठवत असतील तर त्यातल्या बाटल्या काय अवस्थेत असतील हेही तुम्हाला कळेल. त्याने एक बाटली काढली, ओपनर लावला.

“तुमच्यातही बुडबुडे असतात का रे?” काकांनी संशयाने विचारलं.

“भरपूर, सर!” तो अभिमानाने म्हणाला आणि त्याने बूच उघडलं.

मी जे अभियान तीन महिने चालवत होते, ते त्या बुचाने तीन सेकंदांत पूर्ण केलं. बाटलीतला जवळजवळ सगळा कोला, तपकिरी, कोमट, चिकट, काकांच्या झब्ब्याच्या उरलेल्या पांढऱ्या भागावर गेला. काकांनी डोळे मिटले.  काका टपटपत होते. मग त्यांनी हातातला कमानीचा कागद चार घड्या करून कंपनीच्या माणसाच्या खिशात घातला आणि ते घरी गेले.

संध्याकाळी सूचनाफलकावर कमिटीचा ठराव लागला, वानखेड्यांनी संगणकावर छापलेला, तांबूस बोटांचे ठसे उमटलेला. ‘कलम एक : उत्सवकाळात आवारात बुडबुडे येणारे कोणतेही पेय, देशी असो वा विदेशी, वाटले अथवा उघडले जाणार नाही. तसेच कोणत्याही पेय कंपनीची कमान उभारली जाणार नाही.’

विजय! निखळ, लेखी, सहीशिक्क्याचा विजय! मी फलकासमोर उभी राहून ते कलम तीनदा वाचलं आणि धावत जाऊन अभियानाच्या सरांना फोन केला. सर गहिवरले. संपूर्ण पुण्यात कंपनीला नकार देणारी आमचीच पहिली सोसायटी होती म्हणे.

“कसं पटवलंस त्यांना, शुभदा?”

“घरी बोलावलं, सर. मोकळेपणाने सगळं समोर मांडलं.”

“हेच! लोकांपर्यंत पोचलं पाहिजे ते हेच!”

त्यावर मी नवीन पत्रक लिहिलं, ‘कोथरूडचा ऐतिहासिक ठराव!’ कलम एक त्यात ठळक टायपात, चौकटीत, जसंच्या तसं छापलं. कलम दोन मात्र जागेअभावी वगळावं लागलं. ते लहानसंच होतं : ‘बी-७ मधील कु. शुभदा हिला स्वयंपाक, प्रसाद, सरबत किंवा पिण्याचे पाणी यांच्या आसपास पुढील निर्णय होईपर्यंत उभे करू नये.’

दुसऱ्या वर्षी कंपनीने बंदी उठवावी म्हणून रीतसर अर्ज केला, दिलगिरी व्यक्त केली, आणि एका बैठकीत तिला परवानगी मिळून कमान उभी राहिली. कलम दोन उठवावं म्हणून अर्ज मीही केला होता. माझा अजून विचाराधीन आहे.